आधी घडी, मग कात्री

भेटकार्ड उघडायला जेमतेम दोन सेकंद लागतात. पाकिटातून निघालेला चपटा कागद हातात येतो, अंगठा कडेखाली सरकतो, पान उलगडते आणि आतून काहीतरी उठून पुढे येते. एखादे कौलारू घर, पणती, नुसत्या चार पायऱ्या, नाहीतर उघडणाऱ्याचेच नाव. त्या दोन सेकंदांत काय व्हावे हे कार्ड करणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. घडवून आणतो मात्र उघडणाऱ्याचा हात. हे पुस्तक त्या दोन सेकंदांसाठी लिहिले आहे.

टिकल्या, लेस, चमकी, सुकी फुले यांना यात फार थोडी जागा आहे, आणि ती निवड मी जाणूनबुजून केली आहे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्ड म्हणून जे करून घेतले जाते, ते बहुतेक वेळा चिकटकाम असते. कार्डशीट मधोमध दुमडायचे, वर घोटीव कागदाची फुले लावायची, कडेने चमकीची रेघ ओढायची, आत एक ओळ लिहायची. मुले ते मनापासून करतात, घरी नेऊन दाखवतात, आणि त्यांच्या त्या आनंदाला मी कमी लेखत नाही. पण अशा कार्डात सांगण्यासारखे सगळे मुखपृष्ठावरच संपलेले असते. उघडून पाहावे असे आत काही उरत नाही. कागदाला पडलेली एकुलती एक घडी तिथे रिकामी बसून असते. तिला काम दिले, तर तीच घडी भिंत होते, जिना होते, दार होते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती थोडी भूमिती आणि पात्याला चांगली धार.

छापील भेटकार्डाची गोष्ट निघाली की सगळे १८४३ साल सांगतात. लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या आणि एका शिलिंगाला एक अशा विकायला ठेवल्या. मधल्या चित्रात एकत्र जमून पेले उंचावणारे कुटुंब, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्न आणि वस्त्र देणारी माणसे. त्याआधी तीनच वर्षे, १८४० मध्ये, एका पेनीत देशभर कुठेही पत्र धाडायची सोय इंग्लंडात झाली होती, आणि त्या सुधारणेसाठी झटलेल्यांत कोलही होते. टपाल स्वस्त झाले म्हणून कार्डाला दिवस आले, हे उघड आहे. एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते कार्ड सपाट होते. त्याला घडीच नव्हती.

घडी आणि छेद यांचा वारसा शोधायचा, तर तो व्हॅलेंटाइन कार्डांत शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंड-अमेरिकेत कागदी लेसची कार्डे लोकप्रिय होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंड या बाईंनी १८४० च्या दशकाच्या अखेरीला अशी कार्डे घरीच करायला सुरुवात केली आणि पुढे हाताखाली मुली ठेवून त्याचा चांगला व्यवसाय उभा केला. त्या काळातला एक प्रकार मला सर्वांत जास्त आवडतो. कार्डावरच्या चित्रावर पातळ कागदाची गोल चकती कडेने चिकटवलेली असे आणि चकतीच्या मध्याला दोरा बांधलेला असे. दोरा हलकेच वर उचलला की चकतीचा पिंजरा होऊन ती वर येई आणि जाळीतून खालचे चित्र दिसे. दोरा सोडला की पुन्हा सगळे सपाट.

ही जाळी आपल्याकडच्या मुलांना अनोळखी नाही. गणपतीच्या आराशीसाठी पतंगाच्या कागदाच्या घड्या घालायच्या, दोन्ही कडांनी आळीपाळीने चिरा द्यायच्या आणि कागद उलगडून हळूच ताणायचा, हे घराघरांत होत आले आहे. पिंजऱ्याचे कार्ड म्हणजे तीच कृती गोलावर करायची. पातळ कागदाची वाटीएवढी चकती कापा. ती तीनदा निम्म्याने दुमडली की आठ पदरांची एक पाकळी हातात येते. आता टोकाकडून कडेकडे येत एक चीर डाव्या बाजूने द्या, पुढची उजव्या बाजूने, पुन्हा डाव्या. प्रत्येक चीर समोरच्या बाजूला पोचण्याआधी अर्धा सेंटिमीटर थांबली पाहिजे. आरपार गेली की मधला भाग सुटून हातात येतो. चकती उलगडून कड तेवढी चिकटवायची आणि मध्याला दोरा ओवायचा. दोरा उचलताना नीट पाहा. कागद जराही ताणला जात नाही, कारण कागद रबरासारखा ताणतच नाही. चिरा दिल्यामुळे प्रत्येक पट्टीला वाकायला आणि पिळायला मोकळीक मिळते, आणि अशा थोड्या थोड्या मोकळिकीची बेरीज होऊन सपाट चकती हातभर नाही तरी बोटभर उंच होते. छेद कागदाला मोकळीक देतो आणि घडी ती मोकळीक कुठल्या दिशेने वापरायची हे ठरवते. पुढच्या सगळ्या प्रकरणांत याहून वेगळे तत्त्व नाही.

उभ्या राहणाऱ्या आणि हलणाऱ्या चित्रांची पुस्तके हा या कलेचा दुसरा मोठा झरा. म्युनिकचे लोथार मेगेनडॉर्फर आणि प्राग शहराचे व्होयतेख कुबाश्ता ही त्यातली दोन थोर नावे. दोघांच्या कामावर स्वतंत्र पुस्तक लिहावे लागेल. इथे एवढेच सांगते की कुबाश्ता वास्तुकला शिकलेले होते आणि त्यांच्या पुस्तकांतली कितीतरी दृश्ये मोजक्या कागदात, मोजक्या छेदांनी उभी राहतात.

आमच्या विषयाला खरे वळण मिळाले ते जपानमध्ये, आणि तेही भेटकार्डातूनच. नव्या वर्षाचे शुभेच्छापत्र पाठवण्याचा तिथला रिवाज पक्का आहे. वेळेत टाकलेली पत्रे टपालखाते १ जानेवारीला घरोघर नेऊन देते. तोक्योच्या तंत्रविद्या संस्थेत वास्तुकलेचे प्राध्यापक असलेले मासाहिरो चातानी यांनी १९८१ च्या सुमारास कागद कापून-दुमडून उघडणारी कार्डे करायला घेतली. एकच कागद, तो बहुधा पांढरा, आणि डिंकाचा थेंबही नाही. कार्ड काटकोनात उघडले की आतून जिने, कमानी, मनोरे, मोठमोठ्या इमारतींचे दर्शनी भाग उभे राहत. या प्रकाराला ओरिगामिक आर्किटेक्चर हे नाव मिळाले. केइको नाकाझावा यांच्या जोडीने चातानींनी त्यावर अनेक पुस्तके केली. २००८ मध्ये ते वारले, पण आज जगात कुठेही एका कागदातले घर उघडताना दिसले, की त्यामागे त्यांचा हात आहे असे समजायला हरकत नाही.

पांढऱ्या कागदाचा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. रंग नसला की सगळे काम सावलीवर येते. खिडकीच्या उजेडात धरलेल्या पांढऱ्या कार्डात वरची पायरी लख्ख असते, समोरचा भाग राखी, आणि छेदामागची पोकळी जवळजवळ काळी. कार्ड थोडे मिटले की या तिन्ही छटा बदलतात. रंगीत पेनांनी हे साधत नाही. म्हणून या पुस्तकातले पहिले सगळे नमुने मी पांढऱ्या कागदात दाखवले आहेत.

आता त्यातले गणित. सगळ्यांत सोपी आकृती पायरीची. कार्ड उघडून टेबलावर असे ठेवा की मधली घडी आडवी येईल. वरचे पान ही मागची भिंत आणि खालचे पान ही जमीन. घडीला काटकोनात दोन समांतर चिरा द्या, दोन्ही घडीच्या वर ५ सेंटिमीटर आणि खाली ३ सेंटिमीटर. मधे ८ सेंटिमीटर लांबीची पट्टी तयार झाली. या पट्टीची वरची आणि खालची टोके दुमडायची, ती आतल्या बाजूला. तिसरी घडी पट्टीवर कुठे घालायची, हा खरा प्रश्न. उत्तर असे: वरच्या टोकापासून ३ सेंटिमीटरवर. कार्ड काटकोनात उघडले की ५ सेंटिमीटर उंच आणि ३ सेंटिमीटर खोल ठोकळा उभा राहतो. ठोकळ्याच्या समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या, तरच तो कुठेही न अडता मिटतो. समांतरभुज चौकोन शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला हे माहीत असते, पण हातात कागद घेऊन पाहिले की ते पटते. वरची आणि खालची चीर सारख्या लांबीची ठेवली, तर तिसरी घडी नेमकी मधल्या घडीवरच येते, फक्त उलटी.

आणखी एक नियम इथेच सांगून टाकते, कारण नवशिक्यांचे कार्ड इथे हमखास बिघडते. कार्ड पूर्ण मिटल्यावर हा ठोकळा मधल्या घडीपासून ५ अधिक ३, म्हणजे ८ सेंटिमीटर पुढे जातो. ए-फोर कागद निम्म्याने दुमडून केलेल्या कार्डाचे पान १४.८ सेंटिमीटरचे असते, तेव्हा ८ सेंटिमीटरचा ठोकळा आत सहज मावतो. उंची आणि खोली यांची बेरीज पानापेक्षा मोठी झाली, तर मिटलेल्या कार्डातून कागदाचे टोक बाहेर डोकावते आणि उघडण्यातली सगळी गंमत आधीच फुटते.

एवढी बेरीज आली की पुढचे आपोआप सुचते. पायरीवर दुसरी पायरी काढता येते, कारण प्रत्येक ठोकळ्याला स्वतःच्या नव्या घड्या असतात आणि प्रत्येक नवी घडी पुढच्या चिरेची मधली घडी होऊ शकते. ठोकळ्याच्या समोरच्या भागात खिडकी कापता येते. चिरा सरळ न देता वळणाच्या दिल्या, तर ठोकळ्याचा माठ होतो, झाड होते, हत्ती होतो. टोकांच्या आणि मधल्या घड्या तेवढ्या समांतर राहिल्या म्हणजे झाले. चातानींच्या सगळ्या राजवाड्यांच्या मुळाशी हीच पायरी आहे.

कागदाच्या घडीतून भूमिती शिकता येते, हे आपल्या देशात फार पूर्वी कोणी तरी नीट मांडून ठेवले आहे. टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाले. बालवाडीच्या कागदकामाच्या साहित्यावरून त्याची कल्पना सुचल्याचे त्यांनीच लिहिले आहे. फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाची दखल घेतली आणि पुढे अमेरिकेतही त्याची आवृत्ती निघाली. पट्टी-कंपासशिवाय, नुसत्या घड्यांनी पंचकोन, षट्कोन, वक्ररेषांवरचे बिंदू कसे काढायचे हे त्यात आहे. भेटकार्ड करणाऱ्याने ते एकदा तरी चाळावे. कोनाचे दोन भाग करायला कोनमापक शोधत बसण्याची सवय त्याने कायमची सुटते.

जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत जोसेफ आल्बर्स यांनी १९२० च्या दशकात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कागद हेच साहित्य म्हणून दिले होते. फार काही वाया न घालवता, कागदाच्या स्वभावाला धरून त्याचे काहीतरी करून दाखवा, अशी त्यांची अपेक्षा असे. महाल आणि जहाजे करणाऱ्यांपेक्षा, कागद नुसता दुमडून उभा करणाऱ्याचे काम त्यांना अधिक भावले, असे त्यांच्या विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. लवलवणारा कागद एका घडीने ताठ उभा राहतो, ही साधी गोष्ट आपण रोज पाहतो आणि विसरतो.

कागदाचा स्वभाव म्हणजे सगळ्यांत आधी त्याचे तंतू. यंत्रावर तयार होताना कागदाचे तंतू बहुतांशी यंत्राच्या धावेच्या दिशेने बसतात. छापखान्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ पडते. ग्रेनला आडवी घातली, तर जाड कागद घडीवर तडकतो, आणि वरचा रंग फाटून पांढरी रेघ दिसते. ओळखायची रीत सोपी आहे. कागद न मोडता एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो कमी अडतो, त्या घडीला ग्रेन समांतर आहे. दुकानात मिळणाऱ्या ए-फोर आकाराच्या कागदांत ग्रेन बहुधा लांब बाजूने धावतो. म्हणजे तो कागद नेहमीसारखा निम्म्याने दुमडला की घडी बरोबर ग्रेनला आडवी येते. जाड ए-फोर कार्डे घडीवर का फुटतात, याचे उत्तर एवढेच. जाड कागद हवा असेल तर मोठे शीट आणावे आणि ग्रेन पाहून आपल्या मापाने कापून घ्यावे. थोडा त्रास आहे, पण कार्डात फरक डोळ्यांना दिसतो.

हातकागदाला ही अडचण जवळजवळ नसते. लगद्यातून साचा वर काढताना कारागीर तो सगळीकडे हलवतो आणि तंतू सर्व दिशांना पसरतात, त्यामुळे तो कुठूनही सारखाच दुमडतो. महाराष्ट्राला या कागदाची जुनी ओळख आहे. जुन्नरचा कागद मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जाई. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच तिथल्या धंद्यावरून पडले. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. अर्थात हातकागदाचेही स्वतःचे हट्ट असतात. जाडी एकसारखी नसते, पृष्ठभाग मऊ असतो, आणि बारीक छेदाच्या कडा कुसळतात. तेव्हा साध्या, मोठ्या घड्यांसाठी हातकागद आणि नाजूक कातरकामासाठी गुळगुळीत आयव्हरी, असा माझा सल्ला आहे.

हत्यारांविषयी थोडक्यात. कटरचे पाते बोथट झाले की लगेच बदला. बोथट पाते कागद कापत नाही, ओढते. नागमोडी रेघ कापताना हात फिरवू नका, कागद फिरवा. आतल्या कोपऱ्यापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने कापा, म्हणजे चीर कोपऱ्याच्या पुढे घुसत नाही. घडी घालण्यापूर्वी शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून चर पाडा, आणि चर पाडलेली बाजू बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घाला. चिकटवणे अगदीच टळत नसेल, तर फेव्हिकॉलपेक्षा ग्लूस्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. फेव्हिकॉलमधले पाणी कागद पितो आणि वाळताना वाकडा होतो.

कातरकामाविषयी मला जे सर्वांत अधिक सांगायचे आहे, ते आपल्या लिपीबद्दल आहे. परदेशी पुस्तके पाहून मुले इंग्रजी नावे कापतात आणि प्रत्येक अक्षर सुटे होऊन हातात येते. मग ती एकेक करून चिकटवावी लागतात. देवनागरीत हा खटाटोप पुष्कळसा वाचतो. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात राहतो. त्यातही म, स, क, ल, न, प, य यांसारख्या अक्षरांना उभा दंड आहे, आणि तो तळापर्यंत उतरतो. मघाच्या ठोकळ्याच्या समोरच्या भागात असा शब्द काढा, शिरोरेषा वरच्या घडीला भिडवा, दंडांचे पाय खालच्या घडीला जोडलेले ठेवा आणि मधली जागा कापून काढा. कार्ड उघडले की नाव आपल्या पायांवर उभे राहते. कमल, सागर, माया, नयन अशी वर मात्रा-वेलांटी नसलेली नावे पहिल्या प्रयत्नाला उत्तम.

अडचणी आहेत, आणि त्या सोडवण्यातच खरी मजा आहे. ध आणि भ यांची शिरोरेषा डावीकडे तुटते, म्हणून ‘शुभ’ हा शब्द नेमका मधे दुभंगू पाहतो. तिथे रेषा थोडी पुढे ओढून शेजारच्या अक्षराला टेकवावी लागते. ट, ड, द, ह यांना उभा दंड तळापर्यंत नाही, त्यांना शेजारच्या अक्षराच्या आधाराने तोलून धरावे लागते. ‘संक्रांत’ लिहिताना दोन अनुस्वार अधांतरी असतात. ते शिरोरेषेला टेकवा, किंवा सरळ मागच्या भिंतीत दोन भोके पाडा. मागून उजेड आला की तेच अनुस्वार दिसतात. आणि अक्षर उभे न करता त्याच्या आकाराची खिडकी कापायची असेल, तर व आणि ब यांचे पोट गळून पडते. त्यासाठी पोट आणि कड यांच्यात कागदाची एक बारीक पट्टी राखावी लागते. मथुरा-वृंदावनचे सांझी कलाकार कागदाचे साचे कापताना हेच करतात. फांदी, वेल, गाईचे शिंग अशा रेषांतून ते हे जोड इतके बेमालूम फिरवतात, की आधारासाठी ठेवलेला जोड चित्राचाच भाग वाटतो. रांगोळीचे छाप जवळून पाहिले तरी ही युक्ती ध्यानात येईल. देवनागरी अक्षरांचे असे छेदकाम आपल्याकडे अजून फारसे कोणी पद्धतशीर केलेले नाही. तरुण सुलेखनकारांनी यात लक्ष घालावे, अशी माझी फार इच्छा आहे.

एका कागदातल्या कार्डाचा एकच दोष. आतून ठोकळा पुढे आला की बाहेरच्या बाजूला तेवढे भोक पडते. यावर वेगळे आवरण चिकटवण्याची गरज नाही. ए-फोर कागद आधी निम्म्याने आणि मग पुन्हा निम्म्याने दुमडा. पोस्टकार्डाहून थोडे मोठे, दुहेरी पानांचे कार्ड तयार होते. सगळे छेद आतल्या पदरात द्या; बाहेरचा पदर भोक झाकतो. ए-फोरची बाजूंची प्रमाणे अशी आहेत की कितीही वेळा निम्मे केले तरी कार्डाचा आकार तोच राहतो. चार पदरांच्या या कार्डाला शंभर-सव्वाशे जीएसएमचा कागद पुरतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, आणि टपालाने कार्ड पाठवणाऱ्याला ते ठाऊक असलेले बरे. सोळा ए-फोर कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ३०० जीएसएमचा एक ए-फोर कागद पावणेएकोणीस ग्रॅमचा झाला. पत्राच्या वजनाचा टपालखात्याचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा आहे. त्यात पाकिटाचे पाच-सहा ग्रॅम मिळवले की टप्पा ओलांडलाच. तेच कार्ड २०० जीएसएमच्या कागदात केले तर पाकिटासकट आत बसते. वर टिकल्या आणि मणी लावलेले कार्ड शिक्के मारताना दबते, पाकीट फाडते. घडीचे कार्ड मात्र सपाट जाते आणि पोचल्यावर पुन्हा उभे राहते. टपालासाठी याहून सोयीची वस्तू नाही.

आपल्याकडे संक्रांतीला रंगीत कार्ड आणि हलव्याचे चार दाणे पाकिटात घालून नातेवाइकांना धाडायची पद्धत होती. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांचे गठ्ठे घरोघर येत. आधी दुकानातल्या तयार कार्डांनी आणि मग फोनवरच्या संदेशांनी ती जागा घेतली. संदेश क्षणात पोचतो आणि त्याची सोय मीही रोज घेते. घरी केलेल्या कार्डाची त्याच्याशी स्पर्धा नाही, कारण ते शंभर जणांना पाठवायचे नसतेच. ते एका माणसासाठी असते. म्हणून आकृती निवडण्याआधी उघडणारा कोण हे ठरवा. मुलाच्या हातात मजबूत, मोठ्या पायऱ्यांचे कार्ड द्या, कारण ते वीसदा उघडले-मिटले जाणार. परदेशी राहणाऱ्या नातवंडांना घराचा ओटा, दारातली तुळस, गल्लीतला वड करून पाठवा. ज्यांची नजर अधू झाली आहे, त्यांच्यासाठी आकृती ठळक आणि उंच ठेवा, म्हणजे ती बोटांनी वाचता येईल. दुःखाच्या प्रसंगी पाठवायच्या कार्डात काही उसळून वर येऊ नये. एक साधी खिडकी आणि आत हाताने लिहिलेल्या दोन ओळी पुरेत.

पुस्तकाची मांडणी सोप्याकडून अवघडाकडे जाते. पायरी, मग तिरपी घडी, मग एका ओढीत उलगडणारे नकाशासारखे कार्ड. कोर्यो मिउरा यांच्या घडीवर ते आधारलेले आहे. तीच घडी वापरून १९९५ मध्ये जपानने अवकाशयानाचा सौरपत्रा मिटून वर नेला आणि तिथे उलगडला. शेवटी सगळ्यांचा मिलाफ. प्रत्येक आराखड्यात चीर सलग रेघेने, बाहेर येणारी घडी तुटक रेघेने आणि आत जाणारी ठिपक्यांनी दाखवली आहे. आराखडे छापून घ्यायला, वर्गात वाटायला, बदलायला पूर्ण मोकळीक आहे.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात तयार नमुना फळ्यावर लावून सगळ्यांकडून तसाच करून घेऊ नका. पायरीचा नियम एकदा दाखवा, प्रत्येकाला एक पाठकोरा कागद आणि कात्री द्या, आणि पायरीचे काय करायचे ते मुलांवर सोडा. कागद वाया गेला तर जाऊ द्या. पाठकोऱ्या कागदांची कुठल्याच शाळेत वाण नाही. बाकीच्या वाचकांनीही पहिली कार्डे अशीच करावीत, हात बसला की चांगला कागद काढावा. आणि जे जमेल ते दाखवण्यापुरते कपाटात ठेवू नये. मागे तारीख घालावी, नाव लिहावे, पाकिटावर पत्ता घालून टपालाच्या पेटीत टाकावे.